पालथे वाडगे

कागद तुम्ही विकलेत. आधी हे कबूल करा, मग पुढचं बोलू.

वाळवी लागली नव्हती, पूर आला नव्हता, आगही लागली नव्हती. तुम्ही ते सुतळीने बांधलेत, मागच्या दाराने बाहेर काढलेत आणि रद्दीवाल्याच्या हातगाडीवर टाकलेत. कानांवर हात ठेवू नका. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोक जगात असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण तुम्ही त्यांच्याही पुढचे निघालात. माणूस मेलाय की जिवंत आहे हे ठरायच्या आधीच तुम्ही लोणी काढून मोकळे झालात.

चुकलात ते एकाच ठिकाणी. ते कागद कृतीकाकूच्या दारात जातील हे तुमच्या ध्यानात आलं नाही.

कृतीकाकू कोण, हे तुम्हाला माहीत नसेल. चार वर्षं दर सहा महिन्यांनी ती तुमच्या कचेरीतल्या चार नंबरच्या खिडकीपुढे उभी राहिली तरी माहीत नसेल, कारण त्या खिडकीतून तुम्हाला लोकांचे फक्त हात दिसतात. मग तिचे हात आठवा. नखांच्या कडेला वाळलेली खळ, उजव्या अंगठ्यावर मेणाचा जुना चटका, आणि पावती घेताना दोन्ही हात पुढे करायची सवय.

तिच्याकडे प्रत्येक गोष्टीची कृती होती, म्हणून अख्खी गल्ली तिला कृतीकाकू म्हणे. मेणबत्त्यांच्या बुडख्यांची नवी मेणबत्ती. अंगाच्या साबणाच्या चिपट्या किसून भांड्यांचा साबण. फाटक्या चादरीच्या पट्ट्यांची वेणी घालून पायपुसणं. संत्र्याच्या साली व्हिनेगरमध्ये मुरवून फरशी पुसायचं पाणी. कोणी खोकत आलं की ती आधी विचारायची, "कोरडा की ओला?" आणि मग वही उघडायची. समोरची बेकरीवाली म्हणायची, "हिच्या घरात चोर शिरला ना, तर त्याचंही काहीतरी उपयोगाचं करून मगच सोडेल."

दुपारी दोन ते पाच तिच्या पुढच्या खोलीत वर्ग भरे. लांब टेबल, त्यावर मेणकापड, खिडकीला लागून वाळवणाची फळी. बायका पाच. त्यातल्या दोघी बोलक्या: एक बेकरीवाली, जिच्या भुवयांवर कायम पीठ असे, आणि दुसरी मास्तरीण, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेली आणि तरीही दुसऱ्यांचं शुद्धलेखन तपासणारी.

वर्गाचे नियम दोन. हात धुऊन बसायचं. आणि रद्दी फाडताना वाचायची नाही.

दुसरा नियम ऐकून मास्तरणीला पहिल्या दिवशी घाम फुटला होता. "अहो, अक्षर दिसलं की डोळा जाणारच!"

"कागद पालथा धरा. डोळा कुठे जाईल? वाचलं की हात थांबतो. हात थांबला की दुपार गेली."

हा नियम तिने केला होता तो धाकटीमुळे.

धाकटी म्हणजे तिची पाठची बहीण. पाठची म्हणायची, पण मध्ये चौदा वर्षांचं अंतर. आईबाप गेल्यावर काकूनेच तिला लहानाची मोठी केली. धाकटी डावखुरी होती आणि एका छापखान्यात मुद्रितं तपासायला होती. तिच्या डोळ्यांना खाज होती अक्षरांची. दुकानातून मिऱ्याची पुडी आणली तर मिरी ओट्यावर सांडलेली आणि ही पुडीचा कागद खिडकीपाशी धरून वाचत उभी. रद्दी फाडायला बसवली की संध्याकाळपर्यंत चार कागद फाटायचे. "ताई, हे बघ ना, इथे एकाच माणसाचं नाव दोन याद्यांत आहे!" "असू दे. फाड." "नाही गं, एका यादीत तो जिवंत आहे." "फाड म्हणते ना."

चार वर्षांपूर्वी एका सकाळी धाकटी कामावर जायला निघाली आणि तिच्या करड्या कोटाचं वरचं बटण हातात आलं. काकूने लोखंडी चकती घेतली, पडद्याचा हिरवा तुकडा तिच्यावर ताणून बसवला, मागे गाठ मारली आणि बटण कोटावर टाचलं. हिरवं रीळ सापडेना, म्हणून पांढरा दोरा.

"अगं ताई, हिरव्यावर पांढरा? लोक म्हणतील, बहिणीला रंग कळत नाहीत."

"संध्याकाळी नीट करून देते. जा आता, उशीर होतोय."

ती संध्याकाळ अजून व्हायची आहे.

हरवलेल्या माणसांसाठीच्या तुमच्या अर्जात सातवा रकाना आहे: अखेरचे दिसले तेव्हा अंगावर काय होते. काकूने त्यात लिहिलं: करडा कोट, वरचे बटण हिरव्या कापडाचे, पांढऱ्या दोऱ्याने शिवलेले. तुमच्या माणसाने ते वाचून दात काढले होते. "बाई, दोऱ्याचा रंग कशाला लिहिलात? अंगरखा शिवायचाय का आम्हाला?"

"ओळख पटायला," काकू म्हणाली.

त्यानंतर दर सहा महिन्यांनी तीच फेरी. जुनी पावती खिडकीत द्यायची, नवी घ्यायची, "तपास चालू आहे" हे वाक्य ऐकायचं आणि घरी येऊन खळ शिजवायची. पालथ्या घड्यावर पाणी, पण ओतत राहायचं, कारण ओतणं थांबवलं तर घडाच फेकून देतील अशी तिला भीती.

शेवटच्या खेपेला चार नंबरने जुनी पावती घेतली, आत गेला, परत आला तो रिकाम्या हाताने. चार नंबर म्हणजे त्या खिडकीवरचा बाबू. गोरटेला, खिशाला लाल शाईचं पेन.

"असा अर्ज नाही."

"म्हणजे? आत्ता तर पावती दिली मी तुमच्या हातात."

"कुठली पावती?"

"अहो, आत्ता! या हाताने!"

"बाई, आमच्या नोंदीत अशी कोणी हरवलेलीच नाही. आनंद माना."

"मग नवा अर्ज द्या."

"घटना घडल्यापासून तीस दिवसांच्या आत करायचा असतो तो. पुढचे, या."

मागचा माणूस पुढे सरकला. काकू बाजूला झाली. चार वर्षांत पहिल्यांदा तिच्या पिशवीत पावती नव्हती, आणि पिशवी मात्र जड लागत होती.

आठ दिवसांनी रद्दीवाला आला. तिचा नेहमीचा माणूस, दारातूनच ओरडणारा.

"कृतीकाकू, या खेपेला एक नंबर माल! जाड ताव. कचेरीच्या मागून उचललाय. भिजला की लोणी होतो बघा."

"ओला नाही ना? मागच्या वेळेसारखी बुरशी नको मला."

"बुरशी? अहो, या कागदाला कोणी हातसुद्धा लावला नसेल आजवर."

दोन गठ्ठे होते. एक गठ्ठा त्याच दुपारी वर्गात सोडला. सहा जणींनी कागद पालथे धरले आणि फाडले. काकूचा हात सगळ्यांत वेगवान. कागदाला उभं-आडवं असतं. उभ्या बाजूने तो दोऱ्यासारखा सरळ फाटतो. चर्र, चर्र, चर्र. टिकलीएवढे तुकडे टबात. तिने एकदाही कागद सुलटा केला नाही. स्वतःच्याच नियमाची पक्की ना.

कृती सोपी आहे, तुमच्यासारख्यांनाही जमेल. तुकडे तीन दिवस पाण्यात ठेवायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी उकळायचं, कुटायचं, पिळायचं. मैद्याची पातळ खळ शिजवून त्यात कालवायची. खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे कीड लागत नाही. पण ते विषारी, म्हणून त्या भांड्यात खायचं काही ठेवायचं नाही, बटणं, किल्ल्या, सुया एवढंच. स्टीलचा वाडगा पालथा घालून त्याला तेलाचा हात लावायचा, वर लगद्याचा अर्ध्या बोटाचा थर थापायचा. दोन दिवसांनी स्टीलचा वाडगा आतून काढून घ्यायचा आणि कागदाचा वाडगा पुन्हा पालथाच ठेवायचा, नाहीतर त्याची कड वाकडी होते.

फक्त पाणी. पाण्याचं काहीतरी बिनसलं होतं. रद्दीचं पाणी पहिल्या दिवशी काळंनिळं होतं, शाई सुटते. हे पाणी पहिल्या दिवशी स्वच्छ, दुसऱ्या दिवशी स्वच्छ. कागद शाई सोडायलाच तयार नव्हता. तिसऱ्या दिवशी काकूने टबात हात घातला आणि पटकन काढून घेतला. पाणी कोमट होतं. टब सावलीत होता, फरशी गार होती, आणि पाणी कोणीतरी नुकतंच त्यातून उठून गेल्यासारखं कोमट.

"ऊन आलं असेल," ती मोठ्याने म्हणाली. घरात ऐकायला कोणी नव्हतं.

अकरा वाडगे झाले. थोडा लगदा उरला, तो तिने ओल्या फडक्यात बांधून ठेवला. साचे काढले, अकरा वाडगे फळीवर पालथे मांडले आणि चहा ठेवायला आत गेली. बाहेर आली तर अकराच्या अकरा उताणे.

सगळ्यांची तोंडं वर. दवाखान्याच्या बाकावरची माणसं आपलं नाव कधी पुकारतात म्हणून वर बघतात, तशी.

"कोणी गं उलटवले?"

"माझे हात बघा, नुसती खळ आहे," बेकरीवाली म्हणाली. "डाग पडले असते."

"मला एकदा वाकायला दहा मिनिटं लागतात," मास्तरीण म्हणाली. "अकरा वाडगे उलटवायला परवापर्यंत मुदत द्या."

सगळ्या हसल्या. काकूने वाडगे पुन्हा पालथे घातले. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या बुडावर मुठीएवढा दगड ठेवला आणि चहाला गेली. आली तेव्हा वाडगे उताणे होते आणि दगड वाडग्यांच्या आत होते. खोलीत पाच बायका बसलेल्या, आणि एकीलाही आवाज आला नव्हता. त्या दिवशी कोणी हसलं नाही. वाडगे वाळले तेव्हा पाच जणींनी एकेक घरी नेला, कारण नको म्हणायला काही कारण सुचेना.

चौथ्या दिवशी बेकरीवाली वर्गाच्या आधीच आली. भुवयांवर पीठ नव्हतं.

"काकू, तुमच्या वाडग्यात मी पिना ठेवल्या होत्या. आज सकाळी हे होतं." तिने मूठ उघडली. पत्र्याची शिट्टी. तिला दोरीऐवजी तार ओवलेली, गंजकी, पीळ दिलेली. "आमच्याकडे शिट्टी कोण वाजवणार? पाव काय शिट्टीवर फुगतात?"

विनोद केला खरा, पण शिट्टी टेबलावर टाकून तिने हात पदराला पुसला.

तोवर मास्तरीण दारात उभी. तिने पदराच्या टोकात काहीतरी धरलं होतं, झुरळ धरावं तसं. चष्मा. डावी काच तडकलेली. "माझा माझ्या नाकावर आहे," ती म्हणाली. "मग हा कोणाचा? आणि गार किती आहे बघा. फ्रिजमधून काढल्यासारखा."

तिने आपला वाडगाही आणला होता. तो तिने उजेडात धरला आणि नियम मोडला. "काकू, रागावू नका. मी वाचलं. इथे कडेला एक तुकडा नीट कुटला गेलेला नाही, अक्षरं दिसतात." मग शाळेतल्या आवाजात वाचलं: "'...अंगावर काय होते. चष्मा, डावी काच तडक...' पुढे कुटलंय."

सातवा रकाना.

काकूला तो पाठ होता. त्याची छपाई, त्यातली वेडीवाकडी रेघ, सगळं. ती उठली, पलंगाखालून दुसरा गठ्ठा ओढून काढला, सुतळी कापली आणि आयुष्यात पहिल्यांदा रद्दीचा कागद सुलटा केला.

अर्ज. एकाखाली एक अर्ज. माणसंच माणसं. कोणाची आई, कोणाचा नवरा, कोणाचा नऊ वर्षांचा मुलगा, सातव्या रकान्यात 'एका पायात बूट'. तिघी खाली बसून वाचत सुटल्या. काकू फक्त एक अक्षर शोधत होती, आपलं स्वतःचं. गठ्ठा संपला. तिचा अर्ज त्यात नव्हता.

म्हणजे तो पहिल्या गठ्ठ्यात होता.

म्हणजे तो तिने फाडला होता. कदाचित तिच्याच हाताने, पालथा धरून, उभ्या बाजूने, सरळ.

"काकू, तुम्हाला काय माहीत होतं?" बेकरीवाली म्हणाली.

"ती असती तर वाचलं असतं तिने," काकू म्हणाली. "ती असती तर मी ओरडले असते तिच्यावर."

मास्तरीण अजून कागदांत होती. "हे काय आहे? हा अर्ज नाही." तिच्या हातात एक सुटा कागद होता, लाल शाईत लिहिलेला. गठ्ठ्याच्या अगदी वर होता. त्याचा जोडीदार अर्ज आधीच्या गठ्ठ्याबरोबर फाटून गेला असणार. वर 'फक्त कचेरीच्या वापरासाठी' असा शिक्का. मास्तरणीने वाचलं: "'अर्जानंतर दोन वर्षांनी पाहिला. प्रकृती बरी. शिट्टीची दोरी तुटल्याने तार लावलेली. नातेवाइकांस कळवू नये.'"

टेबलावर शिट्टी पडली होती. तिला तार होती.

काकूने तारेच्या पिळावरून बोट फिरवलं. मग बेकरीवाली हळूच म्हणाली, "म्हणजे सापडला होता."

"सापडला होता," मास्तरीण म्हणाली, "आणि कळवू नये."

पुढचे आठ दिवस कृतीकाकू फळीपुढे बसून राहिली. वर्ग बंद. वाडग्यांत वस्तू येत होत्या: एक किल्ली, लहान मुलाच्या बुटाची नाडी, दात उमटलेलं पेनाचं टोपण, कवळी. प्रत्येक गार. ती प्रत्येक वस्तू फडक्यावर मांडायची, पुन्हा वाडग्यांकडे बघायची. धाकटीचं काही येत नव्हतं. यावं असं तिला वाटत होतं, आणि यायला नको असंही. तिला समजलं होतं, की वस्तू वाडग्यात येते ती कोणीतरी शेवटची लिहून ठेवली होती तशीच येते. पांढऱ्या दोऱ्याचं बटण आलं, तर त्याचा अर्थ त्यानंतर कोणीही धाकटीला पाहिलं नाही, तिची गोष्ट त्या सकाळीच संपली.

नवव्या दिवशी तिला फडक्यात बांधलेला लगदा आठवला.

तो आंबायला हवा होता. आंबला नव्हता. तिने फडकं सोडलं तर लगदा कोमट. तिने शेवटचा स्टीलचा वाडगा घेतला, तेलाचा हात लावला, थापायला बसली. बेकरीवाली आणि मास्तरीण शेजारी होत्या; आता त्या तिला एकटीला सोडत नव्हत्या.

"जास्त जाड करू नका," मास्तरीण म्हणाली, "वाळायला वेळ लागेल."

"तुम्ही मला शिकवणार आता?"

"चार वर्षं तुमच्याकडे काय झक मारली मी मग?"

काकू हसली. किती दिवसांनी.

बारावा वाडगा वाळला. साचा काढून तिने तो फळीच्या मधोमध पालथा ठेवला आणि त्याच्यापुढे खुर्ची ओढून बसली. या खेपेला चहा नाही. दुपारचं ऊन फळीवर सरकत होतं. एक वाजला. दोन. वाडगा पालथा. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण तिने डोळे मिटले नाहीत. समोर बेकरीत कोणीतरी तव्यांचा ढीग पाडला. तिघींनी दचकून खिडकीकडे पाहिलं, क्षणभरच.

वाडगा उताणा होता.

आत बटण होतं. हिरव्या कापडाचं. पडद्याचं कापड, मागे तिचीच गाठ. बटणाखाली कोटाचं करडं कापड, चौकोनी, कात्रीने नीट कापलेलं. कापडाच्या कोपऱ्यात टाचणीची दोन भोकं आणि गंजाचा डाग. कशाला तरी टाचून ठेवलेलं होतं ते. कागदाला.

काकूने ते तळहातावर उलटं केलं आणि डोळ्यांजवळ नेलं.

"काय झालं? पांढरा आहे ना दोरा?" बेकरीवालीने विचारलं.

"हिरवा आहे."

"मग तुमच्या बहिणीचं नाही?"

"तिचंच आहे." काकूचा आवाज इतका शांत झाला की मास्तरीण घाबरली. "मी पांढऱ्याने शिवलं होतं. अर्जातही पांढराच लिहिला होता. हे कोणीतरी उसवलं आणि पुन्हा शिवलं. टाके बघ. उजव्या हाताने शिवलं तर टाका इकडे कलतो. हे सगळे तिकडे कललेत. ती डावखुरी आहे. रंग चुकलाय म्हणून टोचत राहिलं असेल तिला. कुठेतरी सुई मिळाली, हिरवा दोरा मिळाला, आणि तिने स्वतः नीट केलं."

"म्हणजे त्या दिवसानंतर..."

"त्या दिवसानंतर. आणि हा तुकडा कापून कोणीतरी लाल शाईच्या कागदाला टाचला. चार वर्षं मी खिडकीपुढे उभी होते, आणि खिडकीच्या आत हे टाचलेलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी, दार उघडताच, सहा बायका तुमच्या कचेरीत आल्या. प्रत्येकीच्या हातांत दोन वाडगे. चार नंबरच्या खिडकीच्या कट्ट्यावर त्यांनी बारा वाडगे ओळीने मांडले.

"हे काय बाजार मांडलाय?" चार नंबर म्हणाला.

"पावत्या आहेत," काकू म्हणाली. "तुम्ही कागद ठेवले नाहीत, म्हणून आम्हाला भांडी करावी लागली."

"उचला. उघडी भांडी इथे ठेवायची नाहीत."

"मग पालथी घाला ना."

चिडून त्याने भराभरा बारा वाडगे पालथे घातले. काकूने बटण काचेवर टेकवलं. तो तुकडा पाहिला आणि त्याचा चेहरा पिळलेल्या लगद्यासारखा झाला. चोराच्या मनात चांदणं. पण तोंड चालूच: "थांबा, नोंद बघतो." तो वळला, कपाट उघडलं, मोठं पुस्तक काढलं, वळून आला. तेवढाच वेळ.

बारा वाडगे उताणे.

पहिल्या वाडग्यात एक बटण होतं. लहान, पांढरं, चार भोकांचं, सदऱ्याच्या मनगटाला असतं तसलं. रांगेतल्या सगळ्यांनी पाहिलं. चार नंबरने आधी बटणाकडे पाहिलं, मग सावकाश स्वतःच्या मनगटाकडे. बाही उघडी होती. बटणाच्या जागी दोरा लोंबत होता.

"गार आहे का बघा," बेकरीवाली म्हणाली.

त्याने बघितलं नाही. खिडकीची झडप धाडकन खाली आली आणि बाहेर 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी हलत राहिली. सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

दुसऱ्या दिवशी त्या खिडकीत दुसराच माणूस बसला होता. "कालचे साहेब कुठे गेले?" मास्तरणीने विचारलं.

"कालचे कोण? मी सात वर्षं इथेच आहे," तो म्हणाला. त्याच्या खिशाला लाल शाईचं पेन होतं. टोपण थोडं चावलेलं.

वाडगे अजून तुमच्या कट्ट्यावरच आहेत. तुमचा झाडूवाला रोज सकाळी ते पालथे घालतो. त्याची फरशी पुसून होईस्तोवर ते उताणे झालेले असतात. त्याने आता पालथे घालणं सोडलंय म्हणे. शहाणा आहे. कृतीकाकू रोज येते, कट्ट्याला हात टेकून उभी राहते, दोन्ही हात पुढे. तिच्या पिशवीत हिरवं रीळ असतं. ते तिला चार वर्षांपूर्वीच, त्याच संध्याकाळी, मशिनीच्या मागे सापडलं होतं.

ती पावती मागत नाहीये. नवा अर्जही मागत नाहीये. तिचा प्रश्न एकच आहे आणि तो तुम्हाला कळला नाही असं म्हणू नका. ज्या दिवशी तुम्ही धाकटीच्या नावाचा लाल शाईचा कागद लिहिलात, त्या दिवशी ती तुमच्यासमोर उभी होती. तिच्या कोटाचा तुकडा कापताना कात्री तुमच्या हातात होती. तिने तेव्हा बहिणीचं नाव घेतलं असणार, पत्ता सांगितला असणार, आणि तुम्ही खाली लिहिलंत, कळवू नये.

त्यानंतर तिला कुठे नेलंत?

बोला.